शाळांचे सरकारी आकडे संशोधनासाठी हवेत? काय फुकट, कशाला पैसे, किती दिवस

पीएच.डी., एम.एड.चा लघुशोधप्रबंध किंवा एखाद्या संस्थेचा अहवाल, कशासाठीही शाळांचे आकडे हवे असतील तर आकड्यांसाठी कुणालाही पैसे देऊ नका. देशातल्या शाळांची माहिती दरवर्षी सरकारी खर्चानं गोळा होते आणि तिचा मोठा भाग विनाशुल्क मिळतो. तुमचे पैसे जातात ते भलतीकडे: छापील कागद पुन्हा टाइप करून घेण्यात, चुकीच्या कार्यालयात घातलेल्या फेऱ्यांत आणि स्वतःला न समजलेलं विश्लेषण विकत घेण्यात. ते कसं टाळायचं ते पाहू.

पहिलं काम मात्र घरी बसून करायचं. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याखाली लिहा: एकक कोणतं? जिल्हा, तालुका, शाळा की मूल? कोणती वर्षं? कोणत्या इयत्ता? हे ठरलेलं नसेल तर पुढचं काहीही करू नका. कार्यालयात जाऊन 'शाळांची माहिती हवी आहे' म्हणणाऱ्याला कुणीच माहिती देत नाही, आणि त्यात देणाऱ्याची चूकही नसते.

फुकट काय मिळतं

सुरुवात शिक्षण मंत्रालयाच्या यू-डायस प्लस संकेतस्थळापासून करा. पूर्वप्राथमिक ते बारावी, सर्व व्यवस्थापनांच्या शाळा, पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, वीज, संगणक हे सगळं इथं आहे. एका शाळेची माहिती हवी असेल तर 'नो युवर स्कूल' या विभागात नाव किंवा ११ अंकी संकेतांक टाका. शाळेचं प्रगतिपत्रक मिळतं. सगळ्या शाळांची एकत्र फाइल हवी असेल तर संकेतस्थळाच्या डेटा शेअरिंग विभागात नोंदणी करा. ईमेल, मोबाइल, वापराचं कारण एवढं लागतं. शुल्क शून्य. फाइल सीएसव्ही स्वरूपात येते, म्हणजे एक्सेलमध्ये थेट उघडते. एक अडचण आधीच लक्षात घ्या: या एकत्रित फाइलमध्ये शाळेचं नाव आणि खरा संकेतांक नसतो, त्याजागी कृत्रिम क्रमांक असतो. त्यामुळे ही फाइल तुमच्याकडच्या दुसऱ्या यादीशी शाळानिहाय जोडता येत नाही. जोडणी करायची असेल तर संकेतांकासह यादी मागवावी लागेल; तो मार्ग पुढे दिला आहे.

मुलं किती शिकली हे यू-डायस सांगत नाही. त्यासाठी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण बघा: २०१७ आणि २०२१ चे अहवाल, आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या मुलांचं झालेलं 'परख' सर्वेक्षण. राज्य आणि जिल्ह्याचे अहवाल फुकट. २०२१ ला इयत्ता तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी होत्या, त्यामुळे २०२१ आणि २०२४ च्या फेऱ्यांची सरळ तुलना करू नका. ग्रामीण भागासाठी 'प्रथम'चं असर सर्वेक्षण आहे. ते घरोघरी जाऊन होतं, म्हणून शाळेत न जाणारी मुलंही त्यात येतात. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं, म्हणजे ६०० घरं. एवढ्या नमुन्यावरून तालुक्याचा निष्कर्ष काढता येत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

शिक्षणावर कुटुंब किती खर्च करतं, शिकवणी किती, प्रवास किती, हा तुमचा विषय असेल तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५वी फेरी (जुलै २०१७ ते जून २०१८) घ्या. कुटुंबनिहाय कच्ची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून विनाशुल्क उतरवता येते. महाविद्यालयांसाठी आयशे सर्वेक्षण २०१०-११ पासून आहे, अहवाल फुकट.

दहावी-बारावीचा विभागनिहाय आणि जिल्हानिहाय निकाल राज्य मंडळ निकालाच्या दिवशी जाहीर करतं. त्या दिवशीच ती पत्रकं उतरवून ठेवा. नऊ विभागीय मंडळांच्या हद्दी जिल्ह्यांच्या गटांवर आहेत, महसुली विभागांवर नाहीत. तक्ते जुळवताना इथंच घोटाळा होतो. शिवाय मंडळ शाळा ओळखतं इंडेक्स क्रमांकावरून आणि शिक्षण विभाग ओळखतो यू-डायसवरून. दोन्ही जुळवणारी यादी शाळेत किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयात मिळते. ती आधी मिळवा, मग निकालाला हात घाला.

फुकट आकडे वापरण्याआधी

यू-डायसमधला सर्वांत महागात पडणारा खड्डा २०२२-२३ चा. त्या वर्षापासून माहिती शाळेच्या एकूण संख्येऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद करून घेतली जाऊ लागली. २०२१-२२ मध्ये देशात २६.५२ कोटी विद्यार्थी होते, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी. यातली किती मुलं खरोखर कमी झाली आणि किती दुबार नोंदी गळाल्या, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. पद्धत बदलल्यामुळे आधीच्या वर्षांशी काटेकोर तुलना होत नाही असं शिक्षण मंत्रालयानंच म्हटलं आहे. म्हणून 'दहा वर्षांतील पटसंख्येचा कल' असा विषय घेतला असेल तर मालिका २०२१-२२ ला थांबवा किंवा २०२२-२३ पासून सुरू करा. दोन्ही जोडून एक रेघ काढली तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

दुसरी गोष्ट, पट हा आकडा निरपेक्ष नाही. त्यावर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं, पटावर पोषण आहाराचा तांदूळ. ज्या आकड्यावर नोकऱ्या अवलंबून असतात तो फुगण्याची शक्यता धरूनच वापरायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी करावी लागली ती याच कारणानं. त्याआधीच्या वर्षांचा पट वापरत असाल तर हे प्रबंधात लिहा.

जिल्ह्यांची नावं आणि हद्दी तपासा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. त्याआधीचं ठाणे आणि नंतरचं ठाणे हे एक एकक नाही. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या नावांखालच्या जुन्या फाइली छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगरशी आपोआप जुळत नाहीत. जोडणी नावावर करू नका, संकेतांकावर करा. यू-डायसचे पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, पुढचे दोन तालुक्याचे.

पट नोंदणीचं प्रमाण, म्हणजे त्या वयोगटातल्या लोकसंख्येच्या तुलनेत किती मुलं शाळेत, हे तालुक्यासाठी स्वतः काढू नका. छेदातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे नेलेल्या अंदाजाची असते. स्थलांतराच्या तालुक्यात ती कुठच्या कुठे गेलेली असते.

माहिती अधिकार: दहा रुपयांचं काम नीट करा

फुकट फाइलमध्ये जे नाही, उदाहरणार्थ संकेतांकासह शाळानिहाय यादी, रिक्त पदं किंवा शिष्यवृत्ती परीक्षेचे शाळानिहाय निकाल, ते माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो, पण तुमचं कार्यालय त्या यादीत आहे का ते आधी बघा. कारण सांगण्याची सक्ती नाही. मार्गदर्शकाचं पत्र जोडायची गरज नाही.

राज्याच्या नियमांत दोन अटी आहेत आणि बहुतेक अर्ज तिथंच अडकतात: एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. पट आणि शिक्षकांची रिक्त पदं दोन्ही हवी असतील तर दोन अर्ज करा. वीस रुपये जातील, दोन महिने वाचतील.

अर्ज कुठे करायचा? जिल्हा परिषद आणि खासगी प्राथमिक शाळांसाठी जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग (प्राथमिक). माध्यमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). राज्यभराच्या यू-डायससाठी मुंबईची महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. शिष्यवृत्ती आणि टीईटीसाठी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. दार चुकलं तरी अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

मागणीची भाषा महत्त्वाची. 'जिल्ह्यातील शाळांची सद्यःस्थिती व शैक्षणिक गुणवत्तेबाबत माहिती द्यावी' या मागणीला उत्तर येत नाही. असं लिहा: 'सन २०२३-२४ मधील जिल्ह्यातील सर्व शाळांचा यू-डायस संकेतांक, तालुका, व्यवस्थापन, इयत्ता पहिली ते आठवीचा इयत्तानिहाय पट (मुले व मुली) आणि कार्यरत शिक्षकसंख्या, आपल्या अभिलेखात उपलब्ध असलेल्या एक्सेल अथवा सीएसव्ही स्वरूपात, ईमेलने.' यात 'उपलब्ध असलेल्या' हे शब्द सोडू नका. कार्यालयाकडे जे संकलित स्वरूपात नाही ते तुमच्यासाठी तयार करून देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. टक्केवारी, सरासरी, क्रमवारी मागू नका. कच्चे आकडे मागा, बेरजा तुम्ही करा.

इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा आग्रह का, ते हिशेबात बघा. प्रतीचा दर पानाला २ रुपये. पाचशे पानांची शाळानिहाय यादी म्हणजे १००० रुपये. तो खर्च छोटा. ती पानं संगणकात टाइप करून घ्यायला त्याच्या कितीतरी पट जाईल आणि टंकलेखनाच्या चुका वेगळ्या. स्कॅन केलेली पीडीएफ आली तरी हीच गत. फाइल संगणकावर असताना छापून देत असतील तर पहिल्या अपिलात तोच मुद्दा घ्या.

मुदत ३० दिवस. जादा शुल्काचं पत्र आलं तर त्याच दिवशी भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ या तीस दिवसांत मोजत नाहीत. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. त्यानंतर शुल्क मागितलं तर कलम ७(६) दाखवा. उत्तर नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', महाराष्ट्रात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यावर निर्णय ३० ते ४५ दिवसांत. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पुन्हा २० रुपये. आयोगाकडे प्रलंबित अपिलं इतकी आहेत की प्रबंधाची मुदत त्याच्या भरवशावर ठेवता येणार नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडे अर्ज केला तर शुल्क तेच १० रुपये, अपिलाला मात्र काहीच नाही.

एकूण धरा: दोन अर्ज २० रुपये, एक अपील २०, चाळीस पानं ८०. एकशेवीस रुपये आणि स्पीड पोस्ट. वेळ मात्र चार महिने. अर्ज प्रत्यक्ष देत असाल तर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. अपिलाची सगळी मुदत त्या तारखेवर चालते.

मुलांची नावं नकोत

विद्यार्थीनिहाय यादी, म्हणजे नाव, आधार, जात, जन्मतारीख, मागू नका आणि कुणी ओळखीतून पेन ड्राइव्हवर दिली तर घेऊ नका. हा शॉर्टकट फार प्रचलित आहे आणि सर्वांत धोक्याचा आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे; त्यातली माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करणारी तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आता वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार येणार. शिक्षकांची नावानिशी सेवाविषयक माहिती मागितली तरी तेच. तुम्हाला नावं लागतातच कशाला? 'तालुक्यात डी.एड. अर्हतेचे शिक्षक किती' ही संख्या मागा. शाळेचा पट, खोल्या, पदं ही संस्थेची माहिती आहे, व्यक्तीची नाही. तिला हे कलम लावून नकार दिला तर अपील जरूर करा.

शाळेनं अभ्यासासाठी रीतसर विद्यार्थी यादी दिलीच, तर नाव काढून स्वतःचा अनुक्रमांक द्या आणि मूळ यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. राज्याच्या सरल या संगणकीय प्रणालीतला १९ अंकी विद्यार्थी क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून उघडू नका. एक्सेल १५ अंकच जपतं, शेवटचे चार शून्य करतं. मग एकाच शाळेतली, एकाच वर्षी दाखल झालेली सगळी मुलं एकाच क्रमांकाची होतात. रकाना आधी टेक्स्ट करा, मग फाइल आणा.

शाळेत जाऊन चाचणी घ्यायची असेल तर

जिल्हा परिषद शाळांना शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांची लेखी परवानगी, आश्रमशाळांना आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची, खासगी शाळांना संस्था आणि मुख्याध्यापकांची. सोबत संशोधन केंद्राचं शिफारसपत्र, नोंदणीपत्र, आराखड्याची प्रत, चाचणी किंवा प्रश्नावली, नैतिकता समितीची मान्यता, गोपनीयतेचं हमीपत्र. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मराठीत आणि एका पानात. परवानगीसाठी पावती न मिळणारे कसलेही पैसे देऊ नका. सत्र परीक्षा, शिष्यवृत्ती परीक्षा आणि यू-डायस भरण्याचे आठवडे टाळा. त्या काळात मुख्याध्यापकाला तुमच्याकडे बघायला फुरसत नसते.

नमुना किती, या प्रश्नावर बहुतेकजण १९७० चा क्रेजसी-मॉर्गन तक्ता उघडतात आणि ३८४ लिहितात. तो तक्ता सुटी सुटी माणसं निवडली असं धरतो. तुम्ही मुलं सुटी निवडत नाही, शाळा निवडता. एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, एकाच वस्तीतून येतात, त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. समजा २० शाळा, प्रत्येकी २० मुलं, एकूण ४००. आणि गुणांतला पाचवा हिस्सा फरक शाळांमुळे आहे. तर १ + (२० − १) × ०.२ म्हणजे ४.८. चारशेला ४.८ नं भागा: तुमच्या हातात ८३ मुलांएवढीच माहिती आहे. म्हणून तेवढ्याच पैशांत शाळा वाढवा, शाळेतली मुलं कमी करा. ४० शाळा आणि दहा दहा मुलं घेतली तर तीच चारशे मुलं १४३ च्या मोलाची होतात. प्रवासखर्च वाढेल, तो इथं करण्यासारखा आहे.

विश्लेषण: इथंच खिसा सांभाळा

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. आर, जॅस्प, जामोवी, पीएसपीपी हे सगळे फुकट आणि कायदेशीर. पीएसपीपी बघायला एसपीएसएससारखंच आहे. मित्राकडून फोडलेली एसपीएसएस घेऊ नका. तुमच्या विद्यापीठाकडे परवाना असतो का ते ग्रंथालयात विचारा. संशोधनलेखांसाठीही पैसे भरण्याआधी थांबा: सरकारी संस्थेत असाल तर १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून हजारो नियतकालिकं खुली आहेत, आणि जुने प्रबंध शोधगंगेवर कुणालाही फुकट. साहित्यचौर्याची तपासणीही विद्यापीठामार्फत करून घ्या. बाहेरच्या दुकानाचा अहवाल विद्यापीठ धरेलच असं नाही.

विद्यापीठांच्या आसपास 'डेटा अॅनालिसिस करून मिळेल' अशी सेवा देणारे खूप आहेत. मदत घेणं गैर नाही. पण काम देण्याआधी लेखी विचारा: दर परिकल्पनेमागे, तक्त्यामागे की पूर्ण कामाचा? मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या दरात धरल्या आहेत का आणि किती वेळा? छुपा खर्च इथंच असतो: पहिला दर कमी, मग प्रत्येक बदललेल्या तक्त्याला वेगळे पैसे. १८ टक्के जीएसटी लावत असतील तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. तो नसेल तर कर आकारण्याचा अधिकारच नाही. आणि काम संपल्यावर वर्डमधले तक्ते घेऊन परत येऊ नका. साफ केलेली फाइल, वापरलेला कोड किंवा सिंटॅक्स आणि मूळ आउटपुट, तिन्ही मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या. ती नसतील तर परीक्षकानं एक चलघटक बदलायला सांगितला की पुन्हा पूर्ण पैसे. निष्कर्षांचा मजकूर त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. तुम्हाला समजत नसलेली कसोटी प्रबंधात घालू नका.

कसोट्यांबद्दल दोन सूचना, कारण इथं दुकानदारी सर्वांत जास्त चालते. यू-डायस ही गणना आहे, नमुना नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा तुमच्याकडे असताना मुलामुलींच्या पटातल्या फरकावर टी-टेस्ट लावून 'सार्थक' लिहिण्याला अर्थ नाही. फरक आहे तेवढा आहे, तो किती मोठा ते सांगा. उलट नमुना सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये मल्टिप्लायरचा, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या भाराचा, रकाना असतो. तो न वापरता काढलेली प्रत्येक टक्केवारी चुकीची. दुसरं, ज्या शाळांत संगणक आहेत तिथं निकाल चांगला दिसला म्हणून संगणकामुळे निकाल सुधारला असं लिहू नका. संगणक कुठे पोचले, पालक कोण, शाळा शहरात की गावात, हे वेगळं काढता येतं का, हे आधी ठरवा. येत नसेल तर 'संबंध आढळला' एवढंच लिहा.

खर्च कोण देणार? जेआरएफ मिळत असेल तर सामाजिक शास्त्रांसाठी पहिली दोन वर्षं दरसाल १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये आकस्मिक निधी असतो. प्रवास, प्रती, छपाई त्यातून वळती होऊ शकते, पण पावत्या लागतात. कोर्ट फी स्टॅम्पची खरेदीसुद्धा वहीत लिहा.

यू-डायसची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर असते आणि अहवाल बऱ्याच महिन्यांनी येतो, म्हणून चालू वर्षाचे आकडे धरून आराखडा मांडू नका. माहिती अधिकाराचा अर्ज नोंदणी पक्की झाली त्याच आठवड्यात टाका. पहिल्या अपिलातूनही काही हाती लागलं नाही तर दुसरं अपील दाखल करून ठेवा, पण थांबू नका. मार्गदर्शकांशी बोलून प्रश्न फुकट फाइलमधल्या माहितीत बसेल असा बदलून घ्या आणि बदल संशोधन समितीकडून सहाव्या महिन्याच्या आत मंजूर करून घ्या.